पाने खाणाऱ्या अळीतलं, औषधाचं विष पचवणारं विकर : प्रकल्प नोंदी, निपाणी–बेळगाव

२४ जुलै २०२४

निपाणी भागातल्या तंबाखूच्या रोपवाटिका आणि लगतचं सोयाबीन इथून पाने खाणाऱ्या अळीचे, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युराचे अंडीपुंज गोळा केले. अंडीपुंज पानाच्या खालच्या अंगाला असतो आणि त्यावर मादीच्या पोटावरचे भुरकट केस चिकटलेले असतात. अंडी फुटलेली असतील तर पान जाळीदार होतं आणि बारीक अळ्या त्याच पानावर घोळक्याने बसतात. असं एक पान अख्खं खुडून आणलं की शंभरभर अळ्या एका झटक्यात मिळतात. सोयाबीनवर उंटअळीही सापडते. चालताना तिच्या पाठीची कमान होते, तेवढ्यावरून ती शेतातच बाजूला काढावी.

प्रत्येक पिशवीवर गाव, पीक, तारीख आणि त्या शेतात आधी झालेल्या फवारण्या लिहिल्या आहेत. औषधाचं व्यापारी नाव उपयोगाचं नाही. लेबलवरचा तांत्रिक घटक, त्याचं प्रमाण आणि पंपामागे किती मिली घातलं, हे तीनही हवं.

शेतकरी ‘औषध लागू पडंना झालंय’ म्हणतात तेव्हा दर वेळी अळीत प्रतिकारशक्ती आलेली असते असं नाही. ही अळी मोठी झाली की दिवसा मातीच्या भेगांत आणि पाचोळ्याखाली दडते आणि रात्री खाते. सकाळी दहा वाजता मारा केला तर औषध पानावर आणि अळी जमिनीत, अशी स्थिती होते. पाचव्या-सहाव्या अवस्थेतल्या अळीला लहान अळीची मात्राही पुरत नाही. म्हणून विकराकडे, म्हणजे अळीच्या शरीरात औषध पचवणाऱ्या प्रथिनाकडे (एन्झाइमकडे), वळण्याआधी फवारणीची वेळ आणि अळीची अवस्था विचारून घ्यायची.

२ ऑगस्ट

अळ्या एरंडाच्या पानांवर वाढवायला घेतल्या आहेत. २६ अंश, १४ तास उजेड आणि १० तास अंधार. अंडीपुंज ०.०५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ५ मिनिटं बुडवून तीनदा पाण्याने धुतले. पतंगांना कापसाच्या बोळ्यावर १० टक्के मधाचं पाणी. कोषासाठी चाळलेली, जेमतेम ओलसर माती.

या पावसाळी हवेत मर फार होते. सोयाबीनवरून आलेल्या काही अळ्या कडक होऊन आधी पांढऱ्या आणि मग फिकट हिरव्या पडल्या. ही मेटारायझियम रिलेयी या बुरशीची लागण, जुन्या कागदांत तिचं नाव नोम्युरिया आहे. बेळगाव-धारवाड पट्ट्यात दमट हवेत ती शेतातही भरपूर दिसते. काही अळ्या डोकं खाली करून लोंबकळल्या आणि हात लागताच फुटल्या. तो विषाणू. दोन्ही प्रकारचे डबे पानांसकट बंद करून उकळले. आजारी अळीतलं विकराचं माप रोगामुळे बदललेलं असतं, त्यामुळे त्या डब्यातली वरकरणी निरोगी दिसणारी अळीसुद्धा मापनाला घ्यायची नाही.

१९ ऑगस्ट

शेतातून आणलेल्या अळीवर थेट मापन का करत नाही, याची नोंद इथे करून ठेवतो. तंबाखूच्या पानातलं निकोटीन आणि इतर वनस्पतिजन्य रसायनं अळीच्या शरीरात विष पचवणारी विकरं वाढवतात. तंबाखूवरची अळी आणि सोयाबीनवरची अळी यांत फरक दिसला, तर तो औषधांमुळे की खाण्यामुळे हे सांगता येत नाही. म्हणून एक पूर्ण पिढी एरंडावर काढायची आणि तिच्या पोटच्या अळ्या मापायच्या. महिनाभर जास्त लागतो, पण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

ज्याच्यावर काम आहे ते विकर म्हणजे ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. ग्लुटाथायोन हा पेशीतला गंधक असलेला छोटा रेणू, आणि हे विकर तो विषाला जोडतं. संक्षेपाने जीएसटी लिहिलं की खरेदीच्या कागदांत कराशी घोटाळा होतो, म्हणून नोंदींत आणि नळ्यांवर ‘ट्रान्सफरेज’ असंच लिहावं.

५ सप्टेंबर

एरंडावरच्या पिढीतल्या चौथ्या अवस्थेच्या अळ्या तयार. पुढची कृती याच क्रमाने करायची.

अळ्या ४ तास उपाशी ठेवल्या, मग १० मिनिटं बर्फावर. थंड १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली, पाठीच्या बाजूने उभा छेद. मधलं आतडं आणि पांढरट चरबीपिंड वेगळे काढले. आतड्याला उभी चीर दिली की आत पानाच्या चोथ्याने भरलेली एक पातळ, पारदर्शक नळी दिसते. ती चिमट्याने टोकाला धरून हलके ओढली तर चोथ्यासकट सबंध निघून येते. फाटली तर ते आतडं टाकून द्यायचं. यात हयगय चालत नाही, कारण एरंडाच्या पानातही स्वतःचं ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज असतं. चोथा राहिला तर अळीच्या विकरासोबत झाडाचंही मोजलं जातं. शिवाय अळीच्या आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी असतो, पीएच १० च्या आसपास, आणि त्यात प्रथिनं तोडणारी विकरं ठासून भरलेली असतात. आपलं विकर नळीतच कुरतडलं जातं.

दहा आतडी १ मिली बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), काचेच्या खलात, बर्फावर घोटली. बफर असा : १०० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७.०, ईडीटीए १ मिलिमोलर, डीटीटी १ मिलिमोलर, पीएमएसएफ १ मिलिमोलर, फिनाइलथायोयुरियाचे चार-पाच बारीक खडे. पीएमएसएफ प्रथिनं तोडणारी विकरं रोखतं, पण पाण्यात टिकत नाही, घोटण्याच्या क्षणीच घालायचं. फिनाइलथायोयुरिया विसरलं तर अळीच्या रक्तातल्या विकरामुळे अर्क दहा-पंधरा मिनिटांत काळा पडतो. तो काळा रंग ३४० नॅनोमीटरचं वाचन बिघडवतो आणि प्रथिनांनाही चिकटतो.

सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी, २० मिनिटं, ४ अंश. वर चरबीची पांढरी साय येते. पिपेटचं टोक सायीखाली घालून मधला स्वच्छ थरच उचलावा. साय आली तर क्युव्हेट (प्रकाशशोषण मोजायची पारदर्शक चौकोनी नळी) धूसर होतो आणि रेषा वर-खाली नाचते.

उद्याचा दिवस मापनाचा. परवापासून गणपती आहेत. सुट्टीत एरंडाची पानं कोण आणणार ते आजच ठरवून डब्यांशेजारी लिहून लावलं आहे.

६ सप्टेंबर

सीडीएनबी पद्धत. पूर्ण नाव १-क्लोरो-२,४-डायनायट्रोबेन्झीन. विकर त्याला ग्लुटाथायोन जोडतं, तयार झालेला पदार्थ ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, आणि ते शोषण किती वेगाने चढतं त्यावरून विकराचं काम मोजायचं. या रसायनाने कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते. नायट्राइल हातमोजे दुहेरी, तोलणं धुरांड्याखाली, सांडलं तर अल्कोहोलने पुसून मग साबण.

साठा द्रावणं : सीडीएनबी १०० मिलिमोलर, म्हणजे १० मिली इथेनॉलमध्ये २०२.६ मिग्रॅ. ग्लुटाथायोन १०० मिलिमोलर, म्हणजे १ मिली पाण्यात ३०.७ मिग्रॅ, रोज ताजं, बर्फावर. बफर १०० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ६.५, डायपोटॅशियम एक भाग आणि मोनोपोटॅशियम दोन भाग मिसळलं की जवळपास येतं, नेमकं मीटरवर लावावं.

१ मिलीच्या क्युव्हेटमध्ये बफर ९६० मायक्रोलिटर, ग्लुटाथायोन १०, अर्क २०, शेवटी सीडीएनबी १०. झाकून दोनदा उलटा करायचा आणि ३४० नॅनोमीटरला, २५ अंशाला, ३ मिनिटं वाचन. सीडीएनबी थंड बफरमध्ये घातलं तर सुईसारखे स्फटिक पडतात. बफर आधी २५ अंशाला आणायचा.

पहिल्या फेरीत ब्लँकचा, म्हणजे अळीचा अर्क नसलेल्या क्युव्हेटचा, चढ नेहमीपेक्षा खूपच जास्त आला. शोध घेतला तेव्हा कळलं की मापनासाठी घोटण्याचाच ७.० चा बफर घेतला गेला होता. पीएच अर्ध्याने वाढला एवढंच, पण त्याचा परिणाम मोठा होतो. ग्लुटाथायोनच्या गंधक गटाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रोटॉन सुटतो तो आकडा, ९ च्या आसपास आहे. पीएच ६.५ ला हजारात जेमतेम तीन रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो आणि तेवढेच सीडीएनबीवर आपोआप हल्ला करतात. पीएच ७.० ला ते हजारात दहा होतात, ७.४ ला पंचवीस. विकराविना होणारी क्रिया त्याच पटीत वाढते आणि विकराचं काम तिच्यात बुडून जातं. म्हणून ६.५. दोन्ही बाटल्यांवर आता वेगळ्या रंगाची पट्टी लावली आहे.

ब्लँकमध्ये अर्काऐवजी घोटण्याचा बफर २० मायक्रोलिटर घालायचा, पाणी नव्हे. डीटीटीलाही गंधक आहे आणि तेही सीडीएनबीशी क्रिया करतं.

१९ सप्टेंबर

हिशेबाचा नमुना, पुढच्यांसाठी. मिनिटाला चढ ०.१८२, ब्लँक ०.०१४, फरक ०.१६८. तयार होणाऱ्या पदार्थाचा शोषणांक ९.६ प्रति मिलिमोलर प्रति सेंमी. ०.१६८ भागिले ९.६ म्हणजे ०.०१७५ मिलिमोलर, १ मिलीत १७.५ नॅनोमोल दर मिनिटाला. अर्कात ब्रॅडफर्डच्या रंगपद्धतीने प्रथिन २ मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे २० मायक्रोलिटरमध्ये ०.०४ मिग्रॅ. १७.५ भागिले ०.०४ म्हणजे ४३७.५ नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिग्रॅ.

९६ खळ्यांच्या प्लेटवर हेच करताना प्रकाशाचा मार्ग १ सेंमी नसतो. २०० मायक्रोलिटरला साधारण ०.५५ ते ०.६ सेंमी असतो. ते न भागता आकडा लिहिला तर तो जवळपास निम्मा येतो आणि क्युव्हेटशी जुळत नाही.

ग्लुटाथायोनची जुनी बाटली तपासली. साठा २००० पट विरळ करून एलमनच्या, म्हणजे मोकळे गंधक गट मोजणाऱ्या, द्रावणात घातला; ०.०५ मिलिमोलरला ४१२ नॅनोमीटरवर ०.७१ च्या आसपास यायला हवं, त्यापेक्षा बरंच कमी आलं. बाटली दमट हवेत उघडी राहिली की ग्लुटाथायोनचे दोन-दोन रेणू जोडले जातात आणि ते विकराच्या कामाचे राहत नाहीत. नवी बाटली उघडली, तिच्याभोवती सिलिका जेल.

३० सप्टेंबर

आज विकराच्या रचनेवर बसलो. बाकी सगळ्याचं मूळ इथे आहे, म्हणून जरा विस्ताराने.

हे विकर दोन उपघटकांची जोडी असतं. प्रत्येक उपघटक साधारण २०० ते २५० अमिनो आम्लांचा, २३ ते २८ किलोडाल्टन. प्रत्येकाचे दोन भाग. सुरुवातीची सुमारे ८० अमिनो आम्लं थायोरेडॉक्सिनसारख्या घडीत असतात, मध्ये पट्ट्या आणि भोवती सर्पिलं. ग्लुटाथायोन बसतं ते इथे. उरलेला मोठा भाग निव्वळ सर्पिलांचा, आणि विषाचा रेणू बसण्याची तेलकट, पाणी टाळणारी खोबण मुख्यतः त्यात. ग्लुटाथायोनची जागा या विकराच्या सगळ्या वर्गांत जवळपास सारखी आहे, कारण प्रत्येकाला धरायचंय ते तेच. विषाच्या खोबणीचा आकार मात्र वर्गागणिक बदलतो. कोणतं औषध पचणार ते त्या खोबणीवर ठरतं.

तिसऱ्या पट्टीच्या तोंडाशी एक प्रोलीन असतं आणि त्याचा बंध सिस् वळणाचा असतो. त्या वळणामुळे पाठकण्याचा सांधा ग्लुटाथायोनमधल्या सिस्टीनसमोर येतो आणि त्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतो. विकराची संगणकावरची प्रतिकृती तयार झाली की सगळ्यात आधी हे प्रोलीन तपासायचं. ते ट्रान्स वळणाचं निघालं तर ती प्रतिकृती पुढे वापरू नये.

गंधकाचं काम असं. मोकळ्या पाण्यात पीकेए ९, विकराच्या कुशीत तो ६ ते ७ वर उतरतो. हे घडवतं एका अमिनो आम्लाचं हायड्रॉक्सिल, जे गंधकाच्या ऋण प्रभाराला हायड्रोजन बंधाने आधार देतं. कीटकांच्या डेल्टा आणि एप्सिलॉन वर्गांत ते सेरीन असतं, साखळीच्या अगदी सुरुवातीला, ९ ते १२ क्रमांकांच्या आसपास. सिग्मा वर्गात तिथे टायरोसीन, ओमेगात सिस्टीन. मोकळ्या द्रावणात हजारात तीन रेणू तयार असायचे, तिथे विकरात निम्म्याच्या आसपास तयार असतात. ६ सप्टेंबरचा बिघडलेला ब्लँक आणि हे विकर, दोन्हींमागे एकच रसायन आहे. तिथे पीएच चढला, इथे पीकेए उतरला.

डेल्टा आणि एप्सिलॉन हे वर्ग कीटक व त्यांच्या जवळच्या संधिपादांपुरते मर्यादित आहेत आणि औषधांच्या प्रतिकाराशी बहुतेक वेळा त्यांचाच संबंध सापडतो. आफ्रिकेतल्या ॲनोफेलिस फ्युनेस्टस डासाचं उदाहरण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या एका एप्सिलॉन विकरात ११९ व्या जागी ल्युसीनऐवजी फिनाइलॲलनीन आलं, खोबणीचं तोंड रुंदावलं आणि डीडीटी अधिक वेगाने तुटू लागलं. तिथे ग्लुटाथायोन विषाला कायमचं चिकटतही नाही. ते डीडीटीमधून हायड्रोजन क्लोराइड निघायला मदत करतं, डीडीई तयार होतं आणि ग्लुटाथायोन पुन्हा मोकळं.

संगणकावर औषधाचा रेणू विकरात बसवताना दोन चुका नेहमी होतात. एकच उपघटक घेतला जातो. खरं तर जोडीच्या सांध्यालगतचा शेजारचा उपघटकही ग्लुटाथायोनच्या जागेला हातभार लावतो, म्हणून जोडीच घ्यायची. आणि ग्लुटाथायोन प्रोटॉनसकट ठेवलं जातं. गंधक ऋण प्रभाराचं करून मगच औषधाचा रेणू खोबणीत सोडावा. त्याचा हल्ला होणारा कार्बन किंवा फॉस्फरस गंधकापासून ३ ते ४ अँगस्ट्रॉमवर येतो का, ते पाहायचं. संगणकाने दिलेल्या गुणांची यादी दुय्यम.

१४ ऑक्टोबर

विकर शुद्ध करायला ग्लुटाथायोन-ॲगरोजचा स्तंभ, १ मिली; ग्लुटाथायोनला धरणारं विकर त्यावर अडकतं. अर्क सावकाश सोडला, दहा पट बफरने धुतला, १० मिलिमोलर ग्लुटाथायोन असलेल्या ५० मिलिमोलर ट्रिसने, पीएच ८.०, सोडवला. ग्लुटाथायोन विरघळवल्यावर ट्रिसचा पीएच घसरतो, पुन्हा ८.० वर आणल्याशिवाय स्तंभावर घालू नये, नाहीतर विकर सुटत नाही आणि स्तंभ बिघडला असं वाटतं.

न चिकटता वाहून गेलेला भाग फेकला नाही, हे बरं झालं. त्यातही सीडीएनबी क्रिया ठळक मिळाली. काही कीटक ट्रान्सफरेज, विशेषतः एप्सिलॉन वर्गातली, या स्तंभावर नीट धरत नाहीत. नेमकी औषधं पचवणारी तीच असण्याची शक्यता जास्त. स्तंभावरचा शुद्ध पट्टा पाहून समाधान मानलं असतं तर हवं तेच गटारात गेलं असतं.

२५ नोव्हेंबर

जनुक जिवाणूत घालून विकर बनवलं. पीईटी-२८ए वाहक (जनुक वाहून नेणारा डीएनए), बीएल२१(डीई३) जिवाणू पेशी. ३७ अंशाला ओडी (वाढीचा गढूळपणा) ०.६ पर्यंत वाढवून १८ अंशावर आणलं, जनुक चालू करायला आयपीटीजी ०.२ मिलिमोलर, १६ तास. ३७ अंशालाच ठेवलं तेव्हा प्रथिन भरपूर निघालं, पण सगळं गाळात.

वाहक निवडताना एक सापळा आहे. बऱ्याच प्रयोगशाळांत जीएसटी शेपटीचा पीजीईएक्स वाहक तयार पडलेला असतो. ती शेपटी म्हणजे शिस्टोसोमा या चपट्या कृमीचं २६ किलोडाल्टनचं ट्रान्सफरेजच आहे. तिच्यासह मोजलं तर कृमीचं काम अळीच्या नावावर जमा होतं. म्हणून सहा हिस्टिडीनची शेपटी, जी निकेलला चिकटते.

निकेल स्तंभ : धुताना ३० मिलिमोलर इमिडॅझोल, सोडवताना २५०. घोटण्याचा जुना बफर इथे अजिबात नको. ईडीटीए निकेल ओढून घेतं, डीटीटीने स्तंभ तपकिरी होतो. १२ टक्के जेलवर २५ किलोडाल्टनच्या थोडा वर पट्टा, शेपटीमुळे. २० टक्के ग्लिसरॉल घालून ५० मायक्रोलिटरच्या नळ्या, उणे ८० ला. वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही.

१२ डिसेंबर

सकाळी प्रयोगशाळेत १८ अंश. क्युव्हेटचा तापक लावला नव्हता, त्यामुळे पहिल्या तासाची सगळी वाचनं कमी आली, ती रद्द.

आता खरं औषध. सीडीएनबी हा फक्त सोयीचा रेणू आहे. त्याच्यावर मंद चालणारं विकर औषधावर चपळ असू शकतं, आणि उलटही. म्हणून औषध किती उरलं ते एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. चार नळ्या : विकर आणि ग्लुटाथायोन; विकर एकटं; ग्लुटाथायोन एकटं; उकळलेलं विकर आणि ग्लुटाथायोन. शेवटी तेवढंच थंड ॲसिटोनायट्राइल घालून थांबवायचं, फिरवायचं, वरचा भाग यंत्रावर.

पहिल्या वेळी लॅम्डा-सायहॅलोथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक चारही नळ्यांत सारखंच ‘घटलं’. विकराने काही केलं नव्हतं, औषध प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटलं होतं. आता सगळं काचेत. क्लोरपायरीफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाची पाण्यातली विद्राव्यता लिटरला साधारण १ मिग्रॅ, म्हणजे ३-४ मायक्रोमोलर. १०० मायक्रोमोलर घातलं असं वहीत लिहिलं, तरी बहुतेक सगळं तरंगत किंवा तळाला असतं आणि त्यावरून काढलेला केएम (विकर निम्म्या वेगाने चालायला लागणारी औषधाची मात्रा) निरर्थक. कमी मात्रा आणि मोठं आकारमान, हाच मार्ग.

सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या बाबतीत औषध तुटलं नाही, तरी विकराचा सहभाग नाकारायचा नाही. ही विकरं औषधाला नुसती धरून ठेवू शकतात, आणि औषधामुळे पेशीत चरबी सडून तयार होणारी विषारी द्रव्यं निवारतात. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना केला आहे.

६ जानेवारी २०२५

अळीवरची चाचणी. डायइथिल मॅलिएट अळीतलं ग्लुटाथायोन संपवतं, पायपेरोनिल ब्युटॉक्साइड मुख्यतः पी४५० रोखतं, ट्रायफिनाइल फॉस्फेट एस्टरेज रोखतं; पी४५० आणि एस्टरेज ही औषध पचवणारी दुसरी विकरं. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीच्या पाठीवर ॲसिटोनमधून १ मायक्रोलिटर. एकही अळी मरणार नाही अशी मात्रा आधी ठरवायची, आणि नुसत्या ॲसिटोनचा गट सोबत हवाच. काही तासांनी एरंडाचं पान औषधाच्या द्रावणात १० सेकंद बुडवून, सावलीत वाळवून त्यावर अळ्या सोडायच्या. ७२ तासांनी मोजणी, नियंत्रण गटातली मर ॲबटच्या सूत्राने वजा. हिवाळ्यातलं एरंडाचं पान जाड आणि मेणचट असतं, द्रावणाचे थेंब घरंगळून जातात. ०.०२ टक्के ट्रायटॉन घातल्यावर पान सारखं भिजलं.

मॅलिएटने औषधाची धार वाढली तरी ते ग्लुटाथायोन वापरणाऱ्या सगळ्याच विकरांचं बळ काढून घेतं, एकाचं नाही. आमचंच विकर कामाला आहे हे ठरवायला, गंधकाला आधार देणारं सेरीन उडवलेलं त्याचं रूप हवं. त्या सेरीनच्या जागी ॲलनीन आणणारे प्रायमर मागवले आहेत. बदललेलं विकर आणि मूळ विकर एकाच दिवशी, एकाच ग्लुटाथायोन बाटलीतून, काचेच्या नळ्यांत मोजायचं. दोन्हींच्या नळ्या उणे ८० मध्ये दुसऱ्या कप्प्यात, हिरव्या आणि पिवळ्या झाकणांच्या.